मे महिन्यातला मेळावा आणि रूथचं कीर्तन

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या समाजांचा, वार्षिक मेळावा मे महिन्यात भरतो. शाळांना सुट्टी असते, त्यामुळे राहायला वर्गखोल्या मिळतात. नांगरट उरकलेली असते. ऊन मात्र असं, की पहाटेची प्रार्थना आणि रात्रीचं कीर्तन सोडलं तर सावलीबाहेर पाय टाकवत नाही. तरी माणसं येतात. शेवगाव-पाथर्डीकडची टेम्पोत दाटीवाटीनं बसून, राहुरी-वडाळ्याकडची एसटीनं, पारनेरची मोटारसायकलींवर, मागं बायको आणि मध्ये लेकरू. दूरची माणसं अशी वेळेवर येतात आणि शहरातल्या ज्या मंडळ्यांना रिक्षानं दहा मिनिटं लागतात, त्या दुपारच्या पंगतीला उगवतात. हे मी सभेतही बोलून दाखवलं आहे, इथंही लिहिते.

उद्घाटन, स्वागत, हार-शाली, अहवालवाचन हे सगळं दरवर्षी होतं तसं होतं. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात आमच्या मंडळ्याही गेल्या. पण आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या’ असंच म्हणतात. १८३१ साली मिशनचं काम नगरला सुरू झालं, तेव्हापासूनचा हा गोतावळा. डायोसिसची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागाची, कौन्सिल तीन वर्षांनी भरते, तिथं निवडून दिलेले प्रतिनिधी जातात. हा मेळावा मात्र सगळ्यांचा. इथं म्हाताऱ्या आजीला यायला पत्र लागत नाही.

निवडणूक दुसऱ्या दिवशी असते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि महिलांच्या दोन जागा. चिठ्ठ्या वाटायच्या, डब्यात टाकायच्या, फळ्यावर खडूनं रेघा मारत मोजायच्या. आधी प्रार्थना होते, नंतरही होते. मधल्या वेळात आंब्याखाली जे कुजबुजणं चालतं ते मला कधीच आवडलं नाही. काहीजण तर फक्त मतदानाला येतात, चिठ्ठी टाकली की चप्पल शोधायला लागतात. रात्री कीर्तन आहे, थांबा की, असं मी दारात उभी राहून सांगते. दोघं-तिघं थांबतात. जे जातात, त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण मेळाव्याचा जीव रात्रीच्या कीर्तनात आहे.

ख्रिस्ती कीर्तन ही नगरची देणगी आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी ते इथं रुजवलं. पुढं नारायण वामन टिळक आले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आपला मराठी अभंग आणि ओवी घेऊनच ते मंडळीत आले. ९ मे १९१९ ला ते गेले. त्यामुळे मे महिन्यातल्या आमच्या मेळाव्यात बुवा पूर्वरंगात त्यांची आठवण काढल्याशिवाय राहत नाहीत. आमचे बुवा नेवासे तालुक्यातले. शेती करतात, पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू नाहीत. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. उभे राहिले की आधी डोळे मिटून थोडा वेळ गप्प राहतात. पोरंसुद्धा तेवढ्यात शांत होतात.

बायबलातली आख्यानं ते बरीच लावतात. उधळ्या पुत्राचं लावतात, विधवेच्या दोन दमड्यांचं लावतात. पण रूथचं आख्यान लागलं की मी स्वयंपाकघरातलं काम दुसरीच्या हाती देऊन पुढं जाऊन बसते. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, नामीचं घर मवाब देशात जातं, तिथं तिचा नवरा वारतो, दोन्ही मुलगे वारतात. राहतात तीन विधवा, नामी आणि तिच्या दोन सुना. अर्पा रडत रडत माहेरी परतते. रूथ सासूचा पदर सोडत नाही. इथवर ते सरळ सांगतात. मग पेटी हळू होते आणि बुवा समोरच्या बायकांना विचारतात, “माय, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठं होता?”

कुणी म्हणतं पाझर तलावावर, कुणी म्हणतं रस्त्याच्या खडीवर. कुणाच्या मांडीवर तेव्हा तान्हं होतं, कुणी सुकडीवर दिवस काढले, कुणी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी थापल्या. एकेकीला बोलू देतात, घाई करत नाहीत. मग म्हणतात, “नामी अशीच गाव सोडून गेली होती आणि अशीच रिकाम्या हातानं परत आली. आली तेव्हा सातूची कापणी चालू होती.” त्यानंतर रूथ सरवा, म्हणजे कापणीत रानात पडून राहिलेली कणसं, वेचायला बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात जाते. आमच्यातल्या कितीतरी जणींनी दुसऱ्याच्या रानात बाजरीचा, भुईमुगाचा सरवा वेचला आहे. मालक ओरडला तर पळायचं कुठून, हे त्यांना पाठ होतं. म्हणून बवाज आपल्या गड्यांना सांगतो, तिच्यासाठी मुद्दाम थोडी कणसं गळू द्या, तिला दटावू नका, तेव्हा पदर डोळ्यांना लागतात. माझाही लागतो. दरवर्षी लागतो, आणि पुढच्या वर्षी लागेल. शेवटी बुवा रूथची वंशावळ गातात. ओबेद, इशाय, दावीद. परक्या देशातली, सरवा वेचणारी सून दावीद राजाची पणजी झाली, हे ऐकताना आमच्या बायकांच्या पाठी ताठ होतात. मोठमोठ्या पदव्यांच्या पाहुण्यांचे उपदेश मी मनापासून ऐकते, पण त्यांतला एकही मला असा घरापर्यंत पुरला नाही.

म्हणूनच कीर्तनाची वेळ कापायला माझा विरोध असतो. मतमोजणी लांबली, सत्कार लांबले, की “बुवांनी अर्ध्या तासात आटपावं” अशी चिठ्ठी पुढं येते. कीर्तनाला रात्र लागते. नवीन कमिटीनं सत्कार दुपारी उरकावेत आणि जेवणानंतरची वेळ बुवांना मोकळी द्यावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतला भाकर-द्राक्षरसाचा विधी, मग दानांचा लिलाव. घरची कोंबडी, पपई, भोपळा, हरभऱ्याची पिशवी, कुणी विणलेला टेबलक्लॉथ. बोली लावणाऱ्यांना वस्तूची गरज नसते. एकच भोपळा कितीदा तरी विकला जातो, घेणारा पुन्हा दान करतो. या पैशांतून कुठल्या गावच्या चर्चच्या देवळाचे पत्रे बदलले जातात, कुणा मुलीची नर्सिंगची फी भरली जाते, विधवांना धान्य जातं. एकट्या मंडळीला पेलत नाही ते सगळ्या मिळून करतात. आमच्या गावची मंडळी वीस-पंचवीस घरांची, पण ज्वारीचं पोतं आमचं नेहमी पहिलं उतरतं, याचा मला अभिमान आहे.

आता मदतीला आलेल्यांचं. नावं घातली की कुणाचं तरी राहतं आणि मनं दुखावतात, म्हणून काम सांगते, ज्याचं त्याला कळेल. पहाटे चुलवणं पेटवणारे राहुरीचे दोघे भाऊ. भाकरी थापायला बसलेल्या वडाळ्याच्या सगळ्या बाया, त्यांत ज्यांचा हात भाजला होता त्या मावशीसुद्धा. कालवणाच्या कढईपाशी उभे राहिलेले निवृत्त मुख्याध्यापक. पाण्याचा टँकर फुकट आणून देणारे गृहस्थ. ते आपल्या मंडळीचे नाहीत, शेजारधर्म म्हणून आले. पेटीवर बसणाऱ्या ताई आणि त्यांच्या कडेवरचं बाळ सांभाळणारी नणंद. ऐनवेळी शिरूरहून आलेला तबलजी. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या, मुलांची नाटुकली बसवणाऱ्या दोन्ही शिक्षिका. सतरंज्या देणारी शाळा आणि त्या झटकून, मोजून परत नेणारे शिपाईमामा. संडास-बाथरूम धुणारी युवक संघाची पोरं, ज्यांचे आभार स्टेजवरून मानायचे राहून गेले. औषधांची पेटी घेऊन तिन्ही दिवस व्हरांड्यात बसलेल्या सिस्टर. आजारपणामुळे येता आलं नाही तरी लोणच्याची बरणी पाठवणाऱ्या आजी.

आणि जनरेटरवाला मुलगा. कीर्तनात ऐन सरव्याच्या जागी वीज गेली, तेव्हा तो जेवणाच्या ताटावरून उठून धावला. त्याचं ताट मी झाकून ठेवलं होतं, ते त्यानं रात्री उशिरा खाल्लं.