गणवेशाचं माप कुणी घ्यायचं?

मी शिवणकाम करते आणि आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे. शाळेचे निर्णय मुंबई-पुण्यात व्हावेत की गावात, यावर मोठमोठी माणसं बोलतात. माझा या वादाशी संबंध आला तो गणवेशामुळे.

2024-25 मध्ये सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, कापड राज्यभर एकच, शिलाई महिला बचतगटांकडे. दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा. त्याचं कापड शाळेत येणार आणि शिलाईपोटी समितीला मिळणार 110 रुपये. त्यातलेही 10 किरकोळ खर्चाचे! दोरा, चेन, काज-बटण धरून 100 रुपयांत शर्ट-पँट शिवून देणारा कुणी असेल तर मला त्याचा पत्ता द्या, मीच त्याच्याकडे कपडे टाकते.

आमच्याकडे गठ्ठे आले तेव्हा गणपती उठून गेले होते. चौथीतल्या एका पोराचा शर्ट मी उलटा करून पाहिला. बगलेला एकच टीप आणि आत माया नावालासुद्धा नाही, म्हणजे उसवून सैल करायची सोय नाही. शिवणाऱ्या बाईला मी बोल लावणार नाही. तिच्या हातात कापून आलेलं कापड होतं, पोरगं तिने पाहिलंच नव्हतं. चौथीच्या एकाच वर्गात एकाची छाती 22 इंच असते, दुसऱ्याची 28. इयत्ता बघून माप ठरवलं की एकाचा शर्ट झबलं होतो आणि दुसऱ्याची बटणं लागत नाहीत.

डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवला, गणवेशाचा अधिकार परत समित्यांकडे आला. गावात सगळे खूश. मी मात्र जरा बेतानेच खूश होते. पूर्वी समितीकडे अधिकार होता तेव्हाही दुकान कसं ठरायचं ते ठाऊक आहे: ज्याची ओळख, त्याचं दुकान. पहिल्या धुण्यात रंग गेला तरी तक्रार कुणी करायची?

आणि वरून आलेलं सगळंच वाईट असतं असंही नाही. आधी मोफत गणवेश मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांनाच मिळायचा. एकाच घरात बहिणीला मिळायचा, भावाला नाही. 2023 मध्ये राज्याने तो उरलेल्या मुलांनाही लागू केला. गावावर सोपवलं असतं तर हे कधी झालं नसतं, पैसे कुणी काढले असते? उलट 2017 च्या सुमारास पैसे थेट खात्यात टाकायचा प्रकारही वरूनच आला होता. 400 रुपयांसाठी मायलेकरांनी मजुरी बुडवून बँकेत हेलपाटे घातले.

माझं म्हणणं एवढंच, की पैसा किती, कापड कसं आणि कुणालाही वगळायचं नाही हे वरून ठरवा. टेप आमच्या हातात द्या. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका ठेवल्यात, त्या काही फक्त सहीपुरत्या नाहीत. (आमच्याकडे पूर्वी रजिस्टर घरी यायचं, सही केली की बैठक झाली.)

अधिकार परत आल्यावर बैठकीत मी दोन गोष्टी धरून बसले: तीन दुकानांचे भाव आणि कापडाचा नमुना. नमुने घरी नेऊन साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवले. सगळ्यात स्वस्त तुकड्याने बादली निळी केली, तो बाद. शिलाईचं काम मी स्वतः घेतलं नाही, समितीत बसून ते बरं दिसत नाही. घरात यावरून दोन दिवस धुसफूस झाली, ती असो.

आता अडलंय ते 300 रुपयांवर. एका गणवेशाला एवढेच मिळतात आणि ज्या कापडाने रंग सोडला नाही ते शिलाईसकट त्यात बसत नाही. दर वाढवून मागायचा ठराव आम्ही केंद्रप्रमुखांकडे दिलाय. तो पुढे गेला का, ते विचारायला सोमवारी मी आणि अजून दोघीजणी जाणार आहोत.