आधी इनबॉक्समध्ये का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कुणी दुखावणारं, चुकीचं काही पोस्ट केलं की मी चारचौघांत त्याचे वाभाडे न काढता आधी त्याला इनबॉक्समध्ये गाठते. "अशांना पाठीशी का घालता?" हा प्रश्न मला सारखा येतो.

पाठीशी घालत नाही. भांडते, पण त्या माणसाशी भांडते. ट्विटरवर (आताच्या एक्सवर) रिप्लाय दिला की आपलं तोंड त्याच्याकडे असतं. तीच पोस्ट कोट करून वर चार ओळी लिहिल्या की तोंड आपल्या फॉलोअर्सकडे वळतं. "तू असं का म्हणालास?" राहतं बाजूला आणि "बघा, हा काय म्हणतोय!" सुरू होतं. शिवाय संतापाला गिऱ्हाईक फार. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ साली पाच लाखांहून अधिक ट्वीट्स तपासली, तेव्हा नीती आणि भावना दोन्हींना हात घालणाऱ्या एकेका शब्दामागे ट्वीटचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. तोही जास्त करून आपल्याच गोटात. म्हणजे ज्याला सुनवायचं, तो सोडून बाकी सगळे ऐकतात.

जस्टिन सॅकोचं प्रकरण आठवतं? डिसेंबर २०१३. लंडनहून केपटाऊनला निघताना तिने आफ्रिकेतल्या एड्सवर एक वाईट विनोद ट्वीट केला. फॉलोअर्स जेमतेम १७०. सॅम बिडल नावाच्या पत्रकाराने तो उचलून जगापुढे ठेवला. अकरा तासांचा प्रवास, फोन बंद, आणि खाली जगभरातली माणसं ती कधी उतरते याची वाट बघत होती. एक जण तर तिचा फोटो काढायला विमानतळावर पोचला. नोकरी गेली. पुढे बिडल तिला प्रत्यक्ष भेटला, दोघं एकत्र जेवली, आणि त्या ट्वीटनंतर वर्षभराने त्याने जाहीर माफी मागितली. मला या सगळ्यात ते जेवण महत्त्वाचं वाटतं. समोर बसल्यावर ती त्याला माणूस दिसली.

आता 'मी टू'चं, लैंगिक छळाविरुद्ध बायकांनी उघडपणे बोलण्याच्या त्या मोहिमेचं विचाराल. ऑक्टोबर २०१८ मध्ये अनेक बायका नावं घेऊन बोलल्या, तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांना पद सोडावं लागलं, आणि त्यांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यातून २०२१ साली त्यांच्यावर आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी निर्दोष सुटल्या. त्या बायकांनी आधी इनबॉक्समध्ये विनवण्या करायला हव्या होत्या, असं मी कधीच म्हणणार नाही. सत्ता असलेल्या माणसापुढे दार लावून बोलणं म्हणजे त्याच्याच हातात सापडणं.

पण रोज ज्यांच्यावर झुंड तुटून पडते, त्यांतल्या कितीजणांकडे सत्ता असते? आमच्या वाचनकट्ट्यावरच्या एका मैत्रिणीच्या मुलाची ॲडमिशन हुकली, तेव्हा तिने आरक्षणावर रागाच्या भरात एक पोस्ट लिहिली. पोस्ट वाईटच होती, आणि ज्यांना ती लागली त्यांचा राग रास्त होता. पण रात्रीपर्यंत स्क्रीनशॉट फिरले, तिच्या ऑफिसला टॅग झालं, मुलाचा फोटोसुद्धा कुणीतरी टाकला. तिने पोस्ट काढली, माफी मागितली, तर माफीचेही स्क्रीनशॉट निघाले. आता ती कुंडीतल्या जास्वंदीचे फोटो टाकते. मत मात्र तेच आहे, उलट अधिक कडवट झालंय, आणि ते ती फक्त माना डोलावणाऱ्यांच्या ग्रुपवर बोलते. तिच्याशी वाद घालू शकतील अशी आम्ही सगळी माणसं त्या ग्रुपच्या बाहेर. आणि कट्ट्यावरचे जे तिला एक शब्दही बोलले नव्हते, तेही तेव्हापासून जपून लिहितात. हे नुकसान कुठल्याही ट्रेंडमध्ये मोजलं जात नाही.

म्हणून मी इनबॉक्समध्ये लिहिते. पुष्कळदा उत्तर येत नाही, कधी शिव्या येतात. धमकी असेल, कुणाचा पत्ता उघड केला असेल, तर तिथे मी बोलत बसत नाही, सरळ तक्रार करते. गेल्या आठवड्यात मात्र एका अनोळखी मुलाने उत्तरात फोन करू का म्हणून विचारलं. तासभर बोललो. आरक्षणावर आमचं अजिबात जमलं नाही. रविवारी तो परत फोन करणार आहे.