अंबाडीचा वाख, कॉस्टिक सोडा आणि नळाचं पाणी

इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, अंबाडीचे धागे बसवून केलेली पहिली पट्टी चाचणीत तुटली तेव्हा मला वाटलं, अंबाडीचा धागाच कच्चा निघाला. पण तुटलेली कड भिंगाखाली धरली, तर बहुतेक धागे तुटलेलेच नव्हते. इपॉक्सीतून ते अख्खेच्या अख्खे उपसून आले होते आणि त्यांच्या जागी गुळगुळीत भोकं उरली होती. धागा शाबूत, रेझिन शाबूत. दोघांची एकमेकांवर पकडच नाही.

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी अंबाडी घेण्याचा हट्ट माझाच होता. उमरेडकडच्या आमच्या गावात तुरीच्या कडेनं, धुऱ्यावर अंबाडी असतेच. कोवळ्या पानांची भाजी होते आणि जून झालेल्या झाडाच्या सालीचा वाख, म्हणजे दोरांचा धागा. आबा काड्यांच्या पेंढ्या बांधून नाल्याच्या डोहात कुजत घालतात, साल सुटली की सोलून, आपटून धुतात. पोळ्याआधी त्यांचे दोर वळणं सुरू झालं की घरभर तो ओलसर वास असतो. हीच अंबाडी बाहेरच्या जगात केनाफ म्हणून ओळखली जाते, आणि टोयोटानं ती गाडीच्या दाराच्या आतल्या पॅनलमध्ये वापरली आहे, हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून हा धागा डोक्यातून गेला नाही. अशा कामात नेहमी लागणाऱ्या काचेच्या धाग्याची घनता घनसेंटिमीटरला २.५ ग्रॅमच्या आसपास, वनस्पतीच्या धाग्याची १.५ च्या आतबाहेर. वजनातला हा फरक मोठा आहे.

अडचण धाग्याच्या स्वभावात आहे. धागा ज्याचा बनतो त्या सेल्युलोजच्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना पाण्याची ओढ. इपॉक्सीला पाण्याचं वावडं. त्यात धाग्यावर मेण आणि पेक्टिन, हेमिसेल्युलोज, लिग्निन या धागे बांधून ठेवणाऱ्या पदार्थांचा थर बसलेला. रेझिन त्या थराला चिकटतं, धाग्याला नाही. म्हणून आधी कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया. जॉन मर्सर या इंग्रज माणसानं १८४४ मध्ये कापसावर हा परिणाम पाहिला, म्हणून तिला मर्सरायझेशन म्हणतात. अल्कलीनं वरचा थर बराचसा सुटतो, धाग्यांचे जुडगे मोकळे होतात, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि रेझिनला शिरायला जागा मिळते.

कागदावर हे चार ओळींचं काम आहे. ५ टक्के द्रावण, म्हणजे एक लिटरमध्ये ५० ग्रॅम फ्लेक्स. फ्लेक्स पाण्यात थोडे थोडे घालायचे, फ्लेक्सवर पाणी कधीच ओतायचं नाही. भांडं इतकं तापतं की हात लावता येत नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी बरणीचं झाकणही उघडलं नाही. द्रावण गार झाल्यावर धागे बुडवले. अर्ध्या तासात पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं आणि मला फार आनंद झाला, कारण सुटून येतंय ते डोळ्यांना दिसत होतं.

त्या आनंदात मी चूक केली. ५ टक्क्यांनी एवढं निघतं, तर १० टक्क्यांत रात्रभर ठेवलं तर सगळंच निघेल, असा हिशोब केला. सकाळी धागे छान पांढरट, मऊ दिसत होते. त्या शनिवारी गावी जाताना एक जुडी सोबत नेली. आबांनी ती दोन बोटांत पिळली, हलका हिसका दिला आणि ती तुटली.

“हे त कुजलं बाप्पा,” आबा म्हणाले. “जास्त दिवस डोहात राह्यलं की असंच होते.”

मी त्यांना डोहाबद्दल विचारत बसले. किती दिवस ठेवता, कशावरून काढता? त्यांचं उत्तर, दिवस मोजत नाही. रोज एक काडी काढून साल ओढून पाहायची, सळसळ सुटली की त्याच दिवशी पेंढी बाहेर. डोहात जिवाणू पेक्टिन खातात, आणि काडी जास्त राहिली की धाग्यालाही लागतात. माझ्या बीकरमध्ये अल्कलीनं तेच केलं होतं: आधी नको असलेलं काढलं, मग धागे बांधून ठेवणारं काढलं, मग सेल्युलोजलाच हात घातला. परत आल्यावर मी ५ टक्क्यांवर थांबले आणि दर अर्ध्या तासानं थोडे धागे काढून, धुऊन, वाळवून ताणून पाहिले. दोन तास माझ्या वाखाला पुरले. तुमच्या धाग्याला किती लागतील ते तुम्हालाच असं काढावं लागेल. दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा उचलून भागत नाही.

खरा वेळ गेला धुण्यात. आत अल्कली राहिली तर ती वाळतानाही धागा खात राहते, म्हणून पीएच ७ येईपर्यंत धुवायचं. मी आठ पाणी बदलली, दहा बदलली, थोडं ॲसिटिक ॲसिड घातलं, पुन्हा नळाखाली धरलं. मीटर ८ च्या खाली येईना. संध्याकाळी लॅबमधले काका दिवे बंद करायला आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बेटा, आधी नळाचं पाणी त तपास.” कॉलेजच्या बोअरचं ते पाणीच ८ च्या आसपास होतं! तीन दिवस मी त्या पाण्याशी झगडत होते. नंतरची पद्धत ठरली ती अशी: पहिली धुणी नळाखाली, मग अगदी पातळ ॲसिटिक ॲसिड, आणि शेवटची डिस्टिल्ड पाण्यानं. धुण्याचं तपकिरी पाणी ॲसिडनं शमवल्याशिवाय मोरीत सोडलं नाही. हे काम उद्या गावात करायचं म्हटलं, तर त्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागेल. डोहात तर ते जाताच कामा नये.

वाळवण्याचं नागपूरनं शिकवलं. मे महिन्यात गच्चीवर धागे दुपारभरात कुरकुरीत होत. तेव्हा त्रास रेझिनचा होता: एलवाय ५५६ या माझ्या इपॉक्सीत १०:१ प्रमाणात हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, घातलं की दुपारच्या उकाड्यात कपातच घट्ट व्हायला लागे, म्हणून मी सकाळी सहाला कॉलेजात जायचे. जुलैत उलट झालं. ओव्हनमधून काढून रात्रभर टेबलावर ठेवलेले धागे सकाळी वजनाला जास्त भरले. हवेतलं पाणी त्यांनी ओढून घेतलं होतं. त्या धाग्यांच्या पट्ट्यांत बुडबुडे आले आणि वर चिकट, पांढुरकी साय धरली. माझा वजनघटीचा तक्ताही त्यामुळे निकामी झाला. प्रक्रियेआधीची वजनं मी न वाळवता घेतली होती, मेमध्ये, आणि नंतरची जुलैत. सगळं पुन्हा केलं. आता प्रक्रियेआधीही आणि नंतरही ७० अंशांवर रात्रभर, मग डेसिकेटर, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं, आणि तिथून थेट साच्यात.

निम्म्या धाग्यांना पुढे सिलेन हे धागा आणि रेझिन जोडणारं रसायनही दिलं, अमिनो गटाचं. इथेनॉल-पाण्यात, ॲसिटिक ॲसिडनं पीएच ४ ते ५ वर आणून. त्याचं एक टोक धाग्याच्या हायड्रॉक्सिलला धरतं, दुसरं इपॉक्सीशी जुळतं. ते महाग आहे, आणि आधीची सोडा-प्रक्रिया नीट झाली नसेल तर वाया जातं.

एफटीआयआर या इन्फ्रारेड चाचणीच्या आलेखात १७३५ प्रति सेंटिमीटरच्या आसपासचं हेमिसेल्युलोजचं शिखर गेलेलं पाहिलं तेव्हा सर शांतपणे “बरोबर” एवढंच म्हणाले. मला मात्र तुटलेली कड पाहायची होती. नवीन पट्टी तुटली तेव्हा धागे रेझिनसोबत तुटले. बाहेर डोकावणाऱ्या आखूड टोकांना इपॉक्सीचे कण चिकटलेले होते. भोकं थोडीच होती. मी भिंग काकांना दिलं, आणि तो फोटो आबांच्या फोनवर पाठवला.

सध्या पट्ट्या पाण्यात बुडवून ठेवल्या आहेत. रोज सकाळी दहाला काढते, टिपते, वजन करते, परत बुडवते. आज अकरावा दिवस. प्रक्रिया न केलेल्या धाग्याची पट्टी अजून पाणी पितेच आहे.