बाळंतविडा आणि माझी चौथी बोली

ताईच्या बाळाचं बारसं सव्वा महिन्यानंतर करायचं ठरलं आणि तारीख पक्की झाली तेव्हा माझ्या हातात फक्त दहा दिवस होते. २००२ सालचा मे महिना. मी न्यू जर्सीत न्यू ब्रन्सविकला शिकत होतो, ताई कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. आईला तेव्हा येणं शक्य नव्हतं. तिने ओळखीच्या एका काकूंबरोबर बाळंतविडा माझ्याकडे पाठवला होता: कुंची, झबली, दुपटी, डिंकाचे लाडू, आळीव. फोनवर ती एवढंच म्हणाली, ''माहेरचं कुणीतरी हवं रे तिच्याजवळ.''

जायचं तर होतंच. पण दहा दिवसांवर आलेलं तिकीट करांसकट ४१२ डॉलर दाखवत होतं आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड होतं. लॅबमधल्या एका सीनियरने प्राइसलाइनवर बोली लावून बघ म्हणून सुचवलं. १९९८ साली सुरू झालेल्या या साइटवर किंमत आपण सांगायची. शुक्रवारी जायचं, मंगळवारी यायचं, कुठल्या विमानतळावरून कुठल्या विमानतळावर, हे भरायचं, आकडा टाकायचा आणि क्रेडिट कार्डचा नंबर आधीच द्यायचा. कंपनी कुठली, विमान किती वाजता, हे विकत घेतल्यावरच कळणार. सकाळी सहा ते रात्री दहा यांत कधीही निघायची तयारी हवी, वाटेत एक थांबा चालवून घ्यायला हवा. बोली मान्य झाली की पैसे त्याच क्षणी कापले जाणार; तिकीट रद्द नाही, बदल नाही.

माझे आजोबा बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे. भोवतालच्यांना काही कळत नसे, पण व्यवहार करणाऱ्या दोघांना एकमेकांचा आकडा बोटांतून समजत असे. इथे समोरचं बोट आपल्या हाती लागतच नव्हतं. विमान कंपन्या न विकल्या जाणाऱ्या सीट गुप्त भावाने तिथे ठेवत. आपला आकडा त्याहून वर गेला तर होकार, आणि मग आपण जो आकडा बोललो तो पूर्ण द्यायचा, त्यांचा भाव कितीही कमी असो. म्हणून खालून सुरुवात करणं भाग होतं.

पण खालून चढत जाण्याची मुभाही सहज मिळत नव्हती. एकदा नकार आला की तीच मागणी सात दिवस पुन्हा टाकता येत नसे. मागणीत काहीतरी बदल केला, तारीख किंवा विमानतळ, तरच लगेच दुसरी बोली. माझी तारीख हलणार नव्हती. उरले विमानतळ. एक वही घेतली आणि माझ्याकडे किती बोली आहेत ते आधी मांडलं. इकडे नेवार्क, लाग्वार्डिया, केनेडी, फिलाडेल्फिया. तिकडे ओकलंड, सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्को. शिवाय पानाच्या वर लिहिलं: कर सोडून २४० च्या वर जायचं नाही. हा आकडा मी दुपारी, डोकं शांत असताना लिहिला. नकार आल्यावर पुढचा आकडा टाकताना हात किती सैल सुटतो हे मी नंतर अनुभवलं, म्हणून ज्यांना अशी बोली लावायची वेळ येईल त्यांना कळकळीने सांगतो: आकडा आधी कागदावर उतरवा.

पहिली बोली, नेवार्क ते ओकलंड, १९० डॉलर. तासाभरात ईमेल आला: नाही. सॅन होजे जोडलं, २०५. नाही. सॅन फ्रान्सिस्को जोडलं, २२०. तेही नाही.

चौथ्या वेळी मी बराच वेळ विचार केला. फिलाडेल्फिया जोडणं सोपं होतं, पण सकाळी सहाचं विमान मिळालं तर न्यू ब्रन्सविकहून तिथे त्या वेळी पोहोचवणारी गाडीच नव्हती. रात्रभर विमानतळावर लाडवांची पिशवी घेऊन बसावं लागलं असतं. नुसती एक जादा बोली मिळावी म्हणून, जिथून निघणं जमणार नाही तो विमानतळ जोडायचा नाही, हे मी ठरवलं. लाग्वार्डियाचं गणित वेगळं होतं. तिथून दीड हजार मैलांपलीकडे थेट विमान सोडायला मनाई आहे, शनिवार आणि डेन्व्हर एवढेच अपवाद. म्हणजे शुक्रवारी तिथून कॅलिफोर्नियाला जाणारा प्रत्येकजण कुठेतरी उतरून विमान बदलणार. असा प्रवास घाईतल्या लोकांना नको असतो, तेव्हा तिथे जागा शिल्लक असतील असा माझा अंदाज. आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला माझा मित्र राहायचा, तिथून विमानतळाची बस होती. लाग्वार्डिया जोडलं, २३५ लिहिलं आणि बटण दाबलं.

हो आला. लाग्वार्डियाहून सकाळी पावणेसातला, शिकागोला विमान बदलून सॅन होजे. वर कर आणि शुल्क लागलंच. सप्टेंबर ११ नंतरचं सुरक्षा शुल्क त्याच फेब्रुवारीत सुरू झालं होतं, प्रत्येक वेळी विमानात चढताना अडीच डॉलर, आणि मी जाता-येता चार वेळा चढणार होतो. सगळं धरून २९४ झाले. आधी दिसलेल्या ४१२ डॉलरच्या तिकिटापेक्षा ११८ डॉलर कमी, म्हणजे माझा जवळजवळ दीड महिन्याचा किराणा.

गुरुवारी रात्री मित्राकडे मुक्काम केला. त्याने पहाटे चारला उठून माझ्यासाठी चहा टाकला. सुरक्षा तपासणीत डिंकाच्या लाडवांचा डबा उघडायला लावला. मी बाळंतिणीसाठी आहेत म्हणून समजावलं, त्या बाईंनी एकेक निरखून झाकण नीट लावून दिलं. सॅन होजेला दाजी घ्यायला आले होते.

विमानाच्या तिकिटांवर अशी बोली लावायची सोय प्राइसलाइनने २०१६ साली बंद केली. तोवर मी आणखी बरेचदा ती वापरली, दर वेळी वहीत आकडा लिहून. ती वही अजून आहे. पहिल्या पानावर २४० ला दोनदा अधोरेखित केलंय, आणि त्याखाली ताईच्या अक्षरात तिने त्या शनिवारी लिहिलेलं बाळाचं नाव.