जपानी रग्बीचं २०१५ : अंतराचा रकाना आणि बोनसचा शून्य

मंडळी, जपानच्या २०१५ सालाची वही बरीच पुढे सरकली आहे. वर्षाच्या सुरुवातीचा देशांतर्गत भाग, उन्हाळ्यातले सामने आणि वर्ल्डकपच्या चारही लढती आता एकाच मांडणीत बसल्या आहेत. डावीकडे मिनिट, मधे गुण कशाने आले ते, आणि उजवीकडे त्या क्षणी दोन संघांमधलं अंतर. हा उजवीकडचा रकाना नंतर घातला, पण तो भरत गेले तसं ते वर्ष मला जास्त उलगडत गेलं. आज मुख्यतः त्याबद्दलच लिहिते.

आधी वर्षाची सुरुवात, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. जानेवारीत तेइक्यो विद्यापीठाने सलग सहाव्यांदा विद्यापीठांचं विजेतेपद घेतलं. फेब्रुवारीत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत याच पोरांनी एनईसी या टॉप लीगमधल्या (म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च साखळीतल्या) कंपनी संघाला ३१–२५ असं हरवलं. जपानमध्ये कंपन्यांचे संघ म्हणजे पूर्ण वाढलेले, पगारी, त्यांत परदेशी खेळाडूही. त्यांच्यासमोर विद्यार्थी जिंकणं फार दुर्मीळ होतं. फेब्रुवारीअखेर ती स्पर्धा यामाहाने जिंकली, सनटोरीला १५–३ असं रोखून. यामाहाचं ते पहिलंच राष्ट्रीय अजिंक्यपद. काही वर्षांपूर्वीच आर्थिक मंदीत कंपनीने व्यावसायिक करार बंद केले होते आणि संघ टॉप लीगमधून खाली घसरण्याच्या काठावर होता. पडत्या काळातही संघ न सोडलेला त्यांचा फुलबॅक (सगळ्यांत मागे उभा राहणारा) म्हणजे आयुमु गोरोमारू. सप्टेंबरनंतर जगाने त्याला ओळखलं. पण फेब्रुवारीतला तो अंतिम सामना माझ्या मते त्याच्या वर्षाची खरी पायाभरणी आहे. स्क्रमवर (दोन्ही संघांचे पुढचे गडी एकमेकांना भिडून बॉलसाठी रेटतात त्यावर) उभा असलेला संघ, कमी गुणांची मॅच, आणि लाथ मारायची वेळ येईल तेव्हा न चुकणारा एक माणूस.

एप्रिलपासून राष्ट्रीय संघ मियाझाकीत. प्रशिक्षक एडी जोन्सचा हा चौथा मोसम. पहाटेपासून दिवसात तीन-चार सत्रं, आणि प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक: लाइनआउटला (कडेच्या रेषेबाहेरून फेकलेला बॉल उंच झेपावून पकडणं) इंग्लंडचा माजी कर्णधार स्टीव्ह बॉर्थविक, स्क्रमला फ्रान्सचा मार्क दाल माझो, आणि टॅकलसाठी मिक्स्ड मार्शल आर्ट्समधला त्सुयोशी कोसाका. कोसाकाचं काम म्हणजे खाली जाऊन पायांत शिरणं. पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात रग्बी बघत आलेल्यांना तसा टॅकल नवा नाही. पण तो ऐंशी मिनिटं, पडल्या पडल्या उठून पुन्हा करणं ही वेगळीच तयारी. उंची आणि वजनात कमी पडणाऱ्या संघाला जोन्सने दमसासात आणि वेगात पुढे नेलं.

उन्हाळ्याचे आकडे मात्र बघवत नाहीत. पॅसिफिक नेशन्स कपमध्ये कॅनडावर २०–६ असा विजय, मग सलग तीन पराभव: अमेरिकेकडून १८–२३, फिजीकडून २२–२७, टोंगाकडून २०–३१. ऑगस्टमध्ये जपानला गंभीरपणे घेणारं कोणी नव्हतं यात नवल नाही. आता अंतराचा रकाना बघा: पाच, पाच, अकरा. तीनपैकी दोन सामने एका ट्रायच्या आतले (ट्राय म्हणजे बॉल समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं, पाच गुण; मग लाथ मारून कन्व्हर्जनचे आणखी दोन). सप्टेंबरच्या सुरुवातीला ग्लॉस्टरमध्ये जॉर्जियावर १३–१० असा विजय, तोही शेवटाकडे ओढून आणलेला. रडत-खडत का होईना, हा संघ सामन्याच्या जवळ राहायला शिकत होता.

आता वर्ल्डकप, इंग्लंडमधलं ब्रायटन, समोर दक्षिण आफ्रिका. १९ सप्टेंबर. क्रमवारीत दक्षिण आफ्रिका तिसरी, जपान तेरावा. त्याआधीच्या सगळ्या वर्ल्डकपमध्ये मिळून जपानचा विजय एकच, १९९१ मध्ये झिम्बाब्वेवर. आणि १९९५ मध्ये ब्लूमफाँटेनला न्यूझीलंडकडून १७–१४५. हा १४५ चा आकडा प्रत्येक जपानी खेळाडूच्या मानगुटीवर वीस वर्षं बसलेला होता.

गुणांचा क्रम पूर्ण लिहिते (जपानचे गुण आधी), कारण जपान पुढे असो वा मागे, अंतर कुठेही सातच्या वर जात नाही. जपान पेनल्टीने (समोरच्याच्या नियमभंगानंतर गोलात मारलेली लाथ, तीन गुण) ३–०. आफ्रिकेच्या फ्रान्स्वा लूच्या ट्रायने ३–७. लाइनआउटनंतरच्या मॉलमध्ये (बॉल घेतलेल्या गड्याला उभ्याने पुढे रेटणारा घोळका) जपानचे बॅक्स, म्हणजे मागच्या फळीतले गडीही घुसले आणि कर्णधार मायकल लीचने ट्राय टेकवला, १०–७. लगेच बिस्मार्क द्यू प्लेसी, १०–१२. मध्यंतर. गोरोमारू, १३–१२. दुसऱ्याच मिनिटाला लूड डी यागर, १३–१९. गोरोमारू, १६–१९. गोरोमारू, १९–१९. लँबी, १९–२२. गोरोमारू, २२–२२. स्ट्राउस, २२–२९. गोरोमारूचा ट्राय आणि त्यानेच मारलेलं कन्व्हर्जन, २९–२९. पोलार्डची पेनल्टी, २९–३२. आणि शेवटी जपानच्या ट्रायने ३४–३२.

तीनदा बरोबरी झाली, १९, २२ आणि २९ वर. आफ्रिकेने चार ट्राय टाकले, पण एकदाही त्यांना दोन ट्रायची मोकळीक मिळाली नाही. मोकळीक मिळाली की मोठा संघ बेंच रिकामा करतो, बॉल हवा तसा फिरवतो, धापा टाकणाऱ्या छोट्या संघाला आणखी पळवतो. इथे त्यांना एकसष्टाव्या मिनिटालाही २२–२२ दिसत होतं. शेवटची सात-आठ मिनिटं उरली असताना दोन वेळच्या जगज्जेत्यांनी पेनल्टी गोलात मारून तीन गुण घेतले, ट्रायसाठी कोपऱ्यात मारली नाही. माझ्या वहीत या लाथेपुढे लाल खूण आहे. पाच पेनल्टी मारून जपानने जे कमावलं ते नुसते पंधरा गुण नव्हते. समोरच्याच्या डोक्यात शिरलेला संशय हीही त्यांचीच कमाई.

गोरोमारूच्या ट्रायची चाल मी पुन्हा पुन्हा थांबवून बघितली. त्याआधी सामनाभर हारुमिची तातेकावा बॉल घेऊन सरळ आफ्रिकेच्या फ्लाय-हाफच्या (चाली रचणाऱ्या गड्याच्या) अंगावर जात होता. मीटर फार मिळत नव्हते, पण बचावाला सवय लागत होती. एकोणसत्तराव्या मिनिटाला लाइनआउटवरून तीच सुरुवात झाली, बचाव तातेकावाकडे वळला, आणि बॉल त्याच्यापाशी थांबलाच नाही. फटीतून कोतारो मात्सुशिमा, त्याच्या बाहेर गोरोमारू, कोपरा. मात्सुशिमाचा जन्म प्रिटोरियाचा, म्हणजे आफ्रिकेची भिंत फोडणारा मुलगा त्यांच्याच मातीतला. एवढा वेळ पेरून, एकदाच काढलेलं हे पीक मला त्या शेवटच्या ट्रायहूनही जास्त आवडतं.

शेवटचा ट्राय सगळ्यांना पाठ आहे, तरी एक मुद्दा नोंदवायचा आहे. पेनल्टी मिळाली तेव्हा गोरोमारू गोलात मारून ३२–३२ करू शकला असता. प्रशिक्षकांच्या बॉक्समधून जोन्सलाही तेच हवं होतं. लीचने स्क्रम मागितला. याला बरेच जण धाडस म्हणतात आणि पुढे जातात. पण आफ्रिकेचा प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला गडी) कोनी ओस्टहुइझेन पिवळं कार्ड घेऊन दहा मिनिटांसाठी बाहेर बसला होता. समोर चौदा जण, आणि स्क्रमवर दाल माझोची चार वर्षांची मेहनत. स्क्रम म्हटलं की त्यांचे पुढचे गडी एका जागी अडकतात आणि मागे जास्त जागा उघडते. लीचने धैर्य दाखवलंच, पण गणितही मांडलं होतं. बॉल उजवीकडे गेला, परत आला, हिवासाकडून तातेकावा, त्याचा लांब पास आमानाकी माफीला, माफीने हाताने एकाला ढकललं आणि डावीकडे कार्न हेस्केथ. हेस्केथ जेमतेम काही मिनिटांपूर्वी बदली म्हणून आला होता.

चार दिवसांनी ग्लॉस्टर, स्कॉटलंड. स्कॉटलंडचा तो पहिलाच सामना, म्हणजे ताजे पाय. मध्यंतराला ७–१२, अंतर पाच. स्कॉटलंडच्या लेडलॉच्या चार पेनल्टी, बस. म्हणजे पहिल्या अर्ध्यात रकाना ब्रायटनसारखाच दिसतो. मग माफी जखमी होऊन बाहेर गेला आणि भिंत ढासळली. दुसऱ्या अर्ध्यात ३–३३, पाच ट्राय. एकदा अंतर दोन ट्रायपलीकडे गेलं की हा संघ परत येऊ शकला नाही. चार दिवसांचा खंड हे कारण मला पटतं, आणि वेळापत्रकात दुबळ्या देशांच्या वाट्यालाच असे खंड येत असत यावर तेव्हा झालेली टीका रास्तच होती.

सामोआशी ३ ऑक्टोबरला मिल्टन कीन्समध्ये २६–५. सामोआचे दोघे एकाच वेळी पिवळ्या कार्डावर बाहेर असताना स्क्रमवर पेनल्टी ट्राय (नियमभंगामुळे पंचांनी बहाल केलेला) मिळाला, मग यामादाचा ट्राय, मध्यंतराला २०–०. या सामन्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. तो जपानने पूर्ण ताब्यात ठेवला. वर्ल्ड रग्बीच्या आकड्यानुसार जपानमध्ये अडीच कोटी लोकांनी तो टीव्हीवर बघितला. जूनमध्ये या खेळाकडे ढुंकूनही न बघणारा देश तो.

आणि आता बोनसचा रकाना, ज्याच्यामुळे मी खूप अस्वस्थ झाले. कबड्डीतल्या बोनस रेषेप्रमाणे इथेही जिंकण्याहरण्यापलीकडचा एक गुण असतो: चार ट्राय टाकले तर एक, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तर एक. ब्रायटनला जपानला विजयाचे चार मिळाले. तीनच ट्राय असल्यामुळे बोनस नाही. हरलेल्या आफ्रिकेला चार ट्रायचा एक आणि दोन गुणांनी हरल्याचा एक, असे दोन! शतकातल्या सर्वांत मोठ्या धक्क्यानंतरही गटात फरक पडला फक्त दोन गुणांचा. पुढे जपानचे ट्राय: स्कॉटलंडविरुद्ध एक, सामोआविरुद्ध दोन, अमेरिकेविरुद्ध तीन. चार एकदाही नाहीत. गटाचा शेवट असा: दक्षिण आफ्रिका १६, स्कॉटलंड १४, जपान १२, सामोआ ६, अमेरिका शून्य. स्कॉटलंडनेही तीनच सामने जिंकले, पण जपान आणि अमेरिका या दोघांविरुद्ध ट्रायचे बोनस घेतले.

काही जण म्हणतात की एखादा बोनस मिळाला असता तर. मी मांडून बघितलं. जपानला दोन बोनस मिळून १४–१४ झाले असते तरी आपसातल्या सामन्याच्या जोरावर स्कॉटलंडच पुढे गेलं असतं. लागत होते तीन. म्हणजे जिंकलेल्या तिन्ही सामन्यांत चार-चार ट्राय. जो संघ पेनल्टीवर अंतर राखून मोठ्यांना जागेवर धरतो, त्याच्याकडून ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्या पद्धतीने ब्रायटन जिंकलं, तीच पद्धत बोनस मिळू देत नव्हती. माझ्या मते २०१५ चं जपान समजून घ्यायचं तर हा पेच धरूनच घ्यावं लागतं. पराभव फक्त स्कॉटलंडशी झाला, आणि तरी संघ घरी गेला. तीन सामने जिंकून गटातून बाहेर पडलेला वर्ल्डकपच्या इतिहासातला हा पहिलाच संघ.

१० ऑक्टोबरला स्कॉटलंडने सामोआला ३६–३३ असं हरवलं तेव्हाच दार बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी जपान अमेरिकेशी खेळला आणि २८–१८ ने जिंकला. पुढे जाण्यासारखं काहीच उरलेलं नसताना. संघाने तो हंगाम संपेपर्यंत खेळून दाखवला. सामन्यानंतर मुलाखतीत गोरोमारूला रडू आवरेना. स्पर्धेत त्याचे ५८ गुण: २४, ५, १६, १३. मी चारही सामन्यांच्या तक्त्यांवरून बेरीज जुळवून घेतली आहे.

मैदानाबाहेरचा भाग थोडक्यात. मार्चमध्ये २०१९ च्या वर्ल्डकपसाठी बारा ठिकाणं जाहीर झाली, त्यांत त्सुनामीने उद्ध्वस्त केलेलं कामाइशी होतं, कधीकाळी सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणाऱ्या पोलाद कारखान्याच्या संघाचं गाव. जुलैत टोक्योच्या नव्या राष्ट्रीय स्टेडियमचा झाहा हदीदचा आराखडा रद्द झाला आणि २०१९ चा अंतिम सामना योकोहामाकडे गेला. वर्षअखेरीस जोन्स इंग्लंडचा प्रशिक्षक झाला.

वहीतलं पुढचं पान सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं. ७ आणि ८ नोव्हेंबरला हाँगकाँगमध्ये पुरुषांनी यजमानांना २४–१० असं हरवून रिओ ऑलिंपिकचं तिकीट काढलं, आणि महिनाअखेरीस टोक्योच्या चिचिबुनोमिया मैदानावर महिलांनी कझाकस्तानला हरवून. सात-सात मिनिटांच्या दोन अर्धांच्या खेळात सात गुणांचं अंतर म्हणजे काय, हे पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागेल. महिलांचे सामने आधी घेते आहे.