पुण्य घ्या, पण आधी ब्रेक काढू द्या

दिवे घाट तिनेच वगळला. "घाट चढून दाखवायचा कोणाला? मला वारी चालायचीय," म्हणत तिने नकाशा पुढ्यात ओढला आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरच्या लोणंदवर बोट ठेवलं. बोट तिथे नेमकं टेकायला जरा वेळ लागला, मध्ये ते तुकोबांच्या वाटेवरच्या बारामतीलाही जाऊन आलं. "त्यांच्या पालखीलाही भेटून आले," ती म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली.

आमची मैत्री वसतिगृहापासूनची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या, हालचाली सांभाळणाऱ्या भागाला इजा झाली. ही इजा वाढत नाही, पण जातही नाही. तिचे पाय ताठ राहतात, चालताना गुडघे एकमेकांना घासतात, टाचा टेकत नाहीत. हात थरथरतात, शब्द ओढत येतात. डोकं मात्र तल्लख. दिंडीच्या हिशोबातली बेरजेची चूक तिनेच काढली. दोन कुबड्या घेऊन ती चालते, पण तेवढंच अंतर चालायला तिची ताकद आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च होते. म्हणून बेत असा ठरला की पहाटेच्या गारव्यात स्वतः चालायचं आणि ऊन चढलं की व्हीलचेअर.

दिंडीप्रमुख तिची भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, घेईनात. "ताई, तुमच्याकडून कशी घ्यायची?"

"का? मी जेवणार नाही का?"

पावती हातात पडल्यावरच ती तिथून हलली.

खुर्चीचा खरा त्रास रस्त्याचा नव्हता, भक्तीचा होता. कोणीही मागून यायचं, "माउली माउली" करत मुठी धरायचं आणि ढकलायला लागायचं. न सांगता खुर्ची हलली की तिचं सगळं अंग दचकून ताठ होतं, पाय पुढे उडतात. एक काका तर ऐकायलाच तयार नव्हते. "आम्हालाही थोडं पुण्य घेऊ द्या की," म्हणाले. ती म्हणाली, "पुण्य घ्या हो, पण आधी ब्रेक काढू द्या." पुढचा टप्पा काकांनी विचारून विचारून ढकलला, आणि गप्पांत दोघांची इतकी गट्टी जमली की माझी पाळी आली तरी काका मुठी सोडेनात.

चहावाटपाच्या एका मांडवात सेवेकऱ्याने तिच्या डोक्यावरून मला विचारलं, "ह्यांना चहा चालतो का?"

"चहा चालतो," ती म्हणाली. "मीच फारशी चालत नाही. अर्धा कप द्या, भरलेला सांडतो."

मी तिच्यासोबत असले की लोक माझ्याशी बोलतात, हे मला आता पाठ झालंय. उत्तर द्यायचं नाही, तिच्याकडे बघायचं, एवढंच माझं काम.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व धावून गेले, मग ज्याला त्याला दुसऱ्याच्या पायांवर डोकं टेकवायची घाई. तिच्या पाया पडायला रांगच लागली, कारण लोकांना तिच्यात काहीतरी जास्तीचं दिसत होतं. तिला हे अजिबात आवडत नाही. तिने कुबड्या माझ्याकडे दिल्या, "कंबर धर" म्हणाली आणि समोरच्या बाईंच्या पावलांकडे वाकली. बाई मागे सरकल्या, "तुम्ही कशाला, ताई?" ती वाकलेलीच. शेवटी बाईंनाच पाय पुढे करावे लागले. मला कंबरेची उसण भरली ती तिथेच.

अचानक आवाज झाला की तिला जोराचा झटका बसतो. त्यामुळे पखवाजाची पहिली थाप म्हणजे रोजचं संकट. दिंडीतल्या पखवाजवाल्या पोराने ते हेरलं. मग तो थाप मारण्याआधी तिच्याकडे बघून भुवया उडवायचा. पावली, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पुढे-मागे पावलं टाकत नाचणं, सुरू झाली की ती कडेने पुढे-मागे डुलायची आणि म्हणायची, "तुमची वारीपुरती. माझी पावली बारा महिने चालू असते."

रात्री मात्र हसू ओसरायचं. पोटऱ्यांना गोळे यायचे. ताठरलेला स्नायू झटक्याने ओढला तर जास्तच आवळतो. टाच तळहातात धरून, पंजा हळूहळू वर दाबत थांबावं लागतं. तंबूतल्या एका आजींनी हे एकदाच पाहिलं आणि दुसऱ्या रात्रीपासून तेलाची वाटी घेऊन त्याच बसायला लागल्या. "पायाला घाई केली की तो रुसतो," म्हणायच्या. तिचं बोलणंही माझ्याखालोखाल त्यांनाच कळायचं.

शौचालयाचं सांगायलाच हवं. वाटेत भेटलेल्या फिरत्या शौचालयांना पायऱ्या होत्या. पाणी कमी प्यावं तर गोळे जास्त येतात. तिने घरूनच घडीची कमोड-खुर्ची आणि छोटी राहुटी आणली होती. संध्याकाळपर्यंत दिंडीतल्या म्हाताऱ्या बायकांनी त्या राहुटीचा पुरेपूर लाभ घ्यायला सुरुवात केली, आणि खुद्द मालकीणबाईंना नंबर लावावा लागला!

तिला धीर द्यायचा म्हणून वाटेत जो तो कूर्मदासाची गोष्ट सांगायचा. हातपाय नसलेला तो भक्त पैठणहून सरपटत निघाला, लऊळला शरीर थकलं, तेव्हा विठ्ठलच त्याला भेटायला तिथे आला. ही कथा एका मुक्कामी कीर्तनातही आली. सगळे डोळे पुसत होते. ती माझ्याकडे झुकली. "देव आला हे छानच झालं गं. पण त्याला पंढरपूर बघायचं होतं ना?"

मी कीर्तनात हसले म्हणून आजींचा रागीट कटाक्ष मिळाला.

वाखरीनंतर गर्दीत ती खुर्चीतच राहिली. दर्शनबारीत तासन्‌तास थांबणं तिच्या पाठीला झेपलं नसतं, म्हणून लाखो वारकरी करतात तसं कळसाचं दर्शन घेतलं. त्याबद्दल तिला कसलीही खंत नव्हती. तिला खरी ओढ चंद्रभागेची होती. वाळवंटात शिरताच खुर्चीची पुढची चाकं रुतली. चहूकडून माणसं धावली. पखवाजवाला पोरगा हात पसरून आडवा उभा राहिला आणि ओरडला, "कोणी हात लावायचा नाही! आधी ताईंना विचारा!"

"अरे बाबा, विचारताय काय?" ती ओरडली. "उचला!"