समासातले पंच

आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांवर आतल्या बाजूला एक जांभळा शिक्का असतो : ‘पुस्तकावर काहीही लिहू नये.’ एका प्रतीत त्याच्या बरोब्बर खाली कुणीतरी पेन्सिलीनं ‘बरं’ असं लिहून ठेवलंय.

या मंडळींना शिस्त नाही हे खरंच. पण गेले काही महिने मी कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं आलटून पालटून वाचतेय आणि पुस्तक हातात पडलं की आधी पानांच्या कडेचे समास बघायची मला खोड लागलीय. वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणारा माणूस सांभाळून लिहितो. लेखकाशी उद्या एखाद्या समारंभात गाठ पडली तर काय घ्या! पेन्सिलवाल्याला कसली भीती? वर्गणी भरलीय, पुस्तक घरी आणलंय, रात्रीची जेवणं आटोपलीयत, आता सांगूनच टाकतो काय ते.

कादंबरीत ही मंडळी तशी गप्प असतात. एखाद्या छान वाक्याखाली रेघ, एखादं उद्गारचिन्ह, शेवटच्या पानावर ‘शेवट आवडला नाही’. बास. आत्मचरित्र मिळालं की मात्र यांच्या अंगात येतं. समासात अख्खं न्यायालय भरतं. फिर्यादी, साक्षीदार, उलटतपासणी, सगळं. एका नटीच्या आठवणींच्या पुस्तकात मी हा संवाद वाचलाय. पहिल्या अक्षरात, नीटस, बहुधा निवृत्त मास्तर : ‘बाई, नवऱ्याची बाजू कुठे आहे?’ त्याखाली दुसऱ्या हाताचं, घाईत लिहिलेलं : ‘त्यांनी वेगळं पुस्तक लिहावं.’ आणि त्याच्याही खाली, तिसऱ्याच कुणाचं : ‘लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं का?’ मूळ पुस्तक मला आता फारसं आठवत नाही. ही तीन वाक्यं आठवतात.

आत्मचरित्र वाचताना आपण वाचक राहतच नाही, भावकीतले पंच होऊन बसतो. माझ्या सासूबाई तर जन्मजात पंच. ‘आहे मनोहर तरी’ मी परवा परवा पुन्हा आणलं, तर माझ्या आधी त्यांनीच ते संपवलं. सुनीता देशपांड्यांचं हे पुस्तक १९९० सालचं. आलं तेव्हा किती घरांत जेवताना त्यावरून वाद झाले असतील त्याची गणती नाही. ज्या भाईंनी, म्हणजे पु. ल. देशपांड्यांनी, आपल्याला एवढं हसवलं, त्यांच्याबद्दल त्यांच्याच बायकोनं असं लिहावं? महाराष्ट्राला ती जवळजवळ घरातली भानगड वाटली.

‘‘आई, कसं वाटलं?’’ मी विचारलं.

‘‘हुशार बाई आहे. पण अगं, भाईंबद्दल हे असं चारचौघांत सांगायचं?’’

‘‘खोटं आहे का त्यातलं काही?’’

‘‘खोटं कुठे म्हणतेय मी? खरंच असणार. पुरुष घरात तसेच असतात. म्हणून काय छापायचं?’’

हा निकाल. दोनच दिवसांनी त्या फोनवर आपल्या धाकट्या बहिणीला सांगत होत्या, ‘‘वाच गं तू ते. सगळं आपल्याच घरातलं आहे.’’

मला स्वतःला या वाचनात वेगळंच काही जाणवलं. भाईंच्या पसाऱ्याबद्दल, बेफिकिरीबद्दल बाई बोलतात ते लोकांच्या लक्षात राहिलं. स्वतःच्या काटेकोरपणाची, अट्टहासाची त्या त्याहून कडक झडती घेतात, ते विसरलं गेलं. रत्नागिरीला नोंदणी पद्धतीनं लग्न, खर्च फॉर्मचे आठ आणे, हे सांगताना त्यांच्या स्वरात मला अभिमान ऐकू येतो. पुढच्या सगळ्या संसारात मात्र ‘मीच का?’ हा प्रश्न त्या नवऱ्याला जितक्यांदा विचारतात, तितक्यांदा स्वतःलाही विचारतात. तरीही, काही ठिकाणी पुस्तक लांबलंय. काही पानं मी भराभर उलटली. सासूबाईंनी नाही उलटली. पंचांना सगळे कागद बघावे लागतात.

याउलट ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आठवणींचा पहिला भाग १९३४ साली आला. नव्वदहून जास्त वर्षं लोक ते पुस्तक वाचतायत. माझ्या हातात आलेली प्रत शिवण उसवलेली, पण समास कोरे. मला आश्चर्य वाटलं, कारण भांडायला इथे मालमसाला भरपूर आहे. नवरा, नारायण वामन टिळक, कवी, लहरी, पैसा हातात न टिकणारा. न सांगता निघून जाणारा. १८९५ मध्ये तो ख्रिस्ती होतो आणि बायकोच्या पायाखालची जमीन जाते. ती काही वर्षं दूर राहते, मग त्याच्याजवळ येते, सोवळंओवळं एकेक करून गळत जातं आणि शेवटी स्वतःच्या विचारानं तीही तो धर्म घेते. आज हीच कथा कुणी लिहिली असती तर निम्मं पुस्तक तक्रारीत आणि निम्मं माफीत गेलं असतं. पेन्सिलवाल्यांची चंगळ झाली असती.

लक्ष्मीबाई पंचांना कामच ठेवत नाहीत. त्यांचे वडील सोवळ्यापायी इतके झपाटलेले, की बाजारातून आलेलं सगळं घरात धुऊन घ्यायचं. धान्य तर झालंच, मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर उरतं काय? या बापानं घरातल्या बायकांचा किती छळ केला असेल याचा हिशेब मांडायचा तर मांडता येतो. पण बाई तो प्रसंग अशा काही सांगतात की आधी हसू फुटतं. मग हसता हसता त्या घरातल्या आईच्या हातांचा विचार मनात येतो आणि आपलं आपल्याला थांबायला होतं. लेखिका आपल्याला थांबवत नाही. ‘बघा, माझ्यावर काय अन्याय झाला’ असं ती एकदाही म्हणत नाही. टिळकांवर चिडते, रुसते, भांडते, पुढच्याच परिच्छेदात त्यांच्या फजितीवर हसते आणि त्याच्या पुढच्यात स्वतःच्या. निकाल द्यायचा तरी कुणाच्या विरुद्ध?

समास अगदीच कोरे नव्हते म्हणा. त्या मिठाच्या पानाशी बारीक अक्षरात एक शेरा होता : ‘आमचे आजोबा!’

‘बलुतं’च्या प्रतीत मात्र कोरं काहीच नव्हतं. दया पवारांचं हे पुस्तक १९७८ सालचं आणि त्याची सुरुवातीची युक्ती मला या वेळी जास्त उमगली. शिकलासवरलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरचा, मुंबईच्या कावाखाना वस्तीतला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. दगडू बोलतो, दया पवार ऐकतो. माणूस एकच. सांगणाराही तोच, ऐकून शरमणाराही तोच. पंच म्हणून आपण खुर्ची पुढे ओढावी तर ती आधीच भरलेली. तरी लोक गप्प बसतात थोडेच! एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘हे सगळं सांगायची काय गरज होती?’ त्याखाली निळ्या बॉलपेननं, कागदाला पाठीमागून वळ उठेल इतकं दाबून : ‘गरज तुम्हाला आहे.’ त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. शिक्का काहीही म्हणो.

त्यानंतर उर्मिला पवारांचं ‘आयदान’ वाचलं. ते मला ‘बलुतं’पेक्षाही जवळचं वाटलं. त्याचं कारण बहुधा साहित्यिक नाही. आई बांबूच्या कांब्या ओवत बसलीय आणि मुलगी तिच्याकडे बघतेय, हे चित्र कुठल्याही घरातलं आहे, आणि ते तसं नाहीही. नोकरी, मुलं, स्वयंपाक सांभाळून एम. ए. करणाऱ्या बाईच्या घरातली कुरबूर त्यात ज्या बारकाव्यानं येते, ते वाचताना मी स्वतःच पेन्सिल शोधत होते.

कादंबऱ्यांचं उलटं. आत्मचरित्रात आपण ‘हे खरं कशावरून?’ विचारतो आणि कादंबरीत ‘हे खोटं कशावरून?’ तिथे आपण पंच नसतो, सीआयडी असतो. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली, आणि अजून गप्पांत लोक सांगवीकराबद्दल बोलता बोलता सर्रास नेमाडे म्हणतात. पांडुरंग सांगवीकर पुण्यात काय करत होता, कुठल्या मेसमध्ये जेवत होता, याचा शोध घेत हिंडणारी माणसं मी पाहिलीयत. असेना का कुठलीही मेस!

बेडेकरांच्या घरावर तर अशा सीआयडींचा दुहेरी पहारा. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची. एवढीशी कादंबरी, एका बैठकीत संपते. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. महायुद्ध अजून सुरू व्हायचंय, पण बोटीवर सगळ्यांना त्याचा वास आलाय. मी ही कादंबरी कॉलेजात वाचली होती तेव्हा ती प्रेमकथा होती. आता वाचली तर चक्रधरचाच राग आला. मुंबई आली की हा उतरणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. हॅर्टाला उतरायला बंदरच नाही. दोघं एकाच डेकवर उभी आहेत, पण एकाच्या खिशात घर आहे. ‘खरी हॅर्टा होती का?’ हा प्रश्न लोक वर्षानुवर्षं विचारतायत. मला त्यात काडीचा रस उरला नाही. खरी नसती तर बोटीवरच्या बाकीच्या बायकांचं काय झालं असतं, ते थोडंच बदलणार होतं!

आणि त्याच घरात त्यांच्या पत्नी मालतीबाई. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावानं १९३३ साली त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा अख्ख्या मराठी मुलखाला एकच प्रश्न पडला होता : ही कोण? बाई आहे की बाईच्या नावामागे दडलेला पुरुष? शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, यावर बोलण्यापेक्षा ते लिहिलं कुणी हे शोधणं लोकांना सोपं गेलं. आपल्याला नेहमीच ते सोपं जातं. पुढे विश्राम बेडेकरांनी आत्मचरित्र लिहिलं, ‘एक झाड आणि दोन पक्षी’, ज्याला १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाव उपनिषदातलं. झाडावर दोन पक्षी, एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. आत्मचरित्र लिहिणाऱ्यांनी हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं असं मला वाटतं. हल्ली जी आत्मचरित्रं बाजारात येतात, निवृत्त अधिकाऱ्यांची, उद्योजकांची, डॉक्टरांची, त्यांत खाणारा पक्षी पानोपानी भेटतो. बघणारा भेटला तर कळवा.

या सगळ्यात मला खरोखर हलवून गेलं ते कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून आणलं, आणि पुरस्कारामुळे आणलेली पुस्तकं माझ्याकडे सहसा अर्धवट राहतात. ही कादंबरी धरणानं उठवलेल्या माणसांची. माणसं नव्या जागी आली, म्हैस मागे राहिली. तिला आणायला देवाप्पा उठलेल्या गावाकडे, रानात निघतो. एवढ्या दिवसांत म्हैस रानटी झालीय. कथा म्हणाल तर एवढीच. भाषेशी जुळवून घ्यायला मला थोडा वेळ लागला, शहरी कानांना लागणारच. पण एकदा ती लय सापडली की रान, चिखल, जनावराचा वास, माणसाच्या मनातली भीती हे सगळं एकाच दमात येतं. विस्थापितांवरचं पुस्तक म्हटलं की आपण डोळे पुसायच्या तयारीनं बसतो. इथे तशी सवड मिळत नाही. ती म्हैस माणसाकडे रोखून बघते आणि ‘बिचारी’ म्हणायची सोयच राहत नाही. कारण या घडीला बिचारी ती नाही, देवाप्पा आहे.

इथे कुणी विचारत नाही की हा देवाप्पा कोण, कुठला. आमच्या प्रतीत मागच्या कोऱ्या पानावर थरथरत्या हातानं लिहिलंय : ‘आमचं कोयनेत गेलं. गुरं तिकडंच ऱ्हायली.’ नाव नाही, तारीख नाही. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं पार ठाणे-रायगडपर्यंत आणून वसवली गेली. त्यातलंच कुणीतरी आमच्या वाचनालयात वर्गणी भरतं, हे मला त्या पानानं सांगितलं. वाचनालयातल्या काकांना दाखवलं तर ते म्हणाले, ‘‘खोडरबर देऊ का?’’ मी नको म्हटलं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पुस्तक परत फळीवर लावलं, तेही पुढच्या रांगेत.

सध्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’ चालू आहे. रंगनाथ पठाऱ्यांची ही कादंबरी २०१९ची. एका कुळाची सातशे वर्षं, सात नायक, पानं आठशेच्या घरात. आडवं पडून वाचायचं म्हटलं तर बरगड्यांना झेपत नाही, लोकलमध्ये न्यायचं तर तेवढ्या जागेत एक माणूस बसतो. म्हणून ती जेवणाच्या टेबलावरच असते. मी स्वयंपाकघरात गेले की सासूबाई चष्मा नाकावर ओढून चार पानं उरकतात. कुठली, ते सांगत नाहीत. वाचायला क्रम लागतो हे त्यांना मान्य नाही.

काल मात्र त्यांनी पुस्तक मिटलं, त्याच्या जाडीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘एवढं सगळं मनचंच लिहिलंय, की पाटलांच्या घरच्यांना विचारून?’’